नवागताचा पत्ता

परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला तेथील राज्यसंस्था प्रथम भेटते ती सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या रूपाने, आणि त्या भेटीत प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असतो. परंतु त्याच राज्यसंस्थेशी त्याचा पहिला स्वेच्छेचा व्यवहार घडतो तो बहुधा पोस्टाच्या खिडकीशी, जिथे तिकिटाचे पैसे मोजले की त्याच्या पत्राला जुन्या रहिवाशाच्या पत्राइतकीच वागणूक मिळते. पत्र पाठवणे ही मात्र या व्यवहाराची सोपी बाजू आहे. पत्र मिळवण्यासाठी पत्ता लागतो, आणि नवागताला पत्ता स्वतःच्या बळावर क्वचितच मिळतो. कोणीतरी आधीपासून स्थिरावलेला माणूस, मग तो घरमालक असो, मालक असो की गाववाला, त्याला आपल्या पत्त्यात वाटेकरी करून घेतो तेव्हाच तो टपालाच्या दृष्टीने त्या गावचा होतो. टपालव्यवस्थेची ही सामाजिक बाजू सहसा नोंदली जात नाही. देशाच्या मध्यावर असल्यामुळे टपालाचे मोठे ठाणे ठरलेल्या आणि वेळोवेळी बाहेरून आलेल्या लोकांना सामावून घेणाऱ्या नागपूरच्या संदर्भात ती विशेष स्पष्टपणे पाहता येते.

पत्रव्यवहाराची जी जागतिक चौकट आज गृहीत धरली जाते ती फार जुनी नाही. १८७४ साली बर्न येथे झालेल्या कराराने विश्व टपाल संघाची, म्हणजे सभासद देशांना टपालापुरता एकच प्रदेश मानणाऱ्या संघटनेची स्थापना झाली आणि १८७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. तिकिटाचे पैसे पत्र जिथून निघते त्या देशाने ठेवावेत आणि वाटपाचा खर्च पत्र जिथे पोहोचते त्या देशाने सोसावा, असे या कराराचे प्रारंभीचे तत्त्व होते, आणि प्रत्येक पत्राला उत्तर येतेच, त्यामुळे अखेरीस हिशेब सारखाच राहतो, हे त्यामागील गृहीत होते. पत्रांची आवक आणि जावक यांतील तफावत भरून काढण्यासाठी देशांनी एकमेकांना रक्कम द्यावी अशी तरतूद १९६९ च्या टोकियो अधिवेशनापर्यंत झाली नव्हती. उत्तराची खात्री हा आंतरराष्ट्रीय टपालाचा पाया होता, असा याचा अर्थ होतो. आणि परमुलखात राहणाऱ्या माणसाने घरी धाडलेल्या पत्राइतकी उत्तराची निकड दुसऱ्या कोणत्याही पत्राला क्वचितच असेल.

नागपूरच्या बाबतीत इतिहासाचा एक विलक्षण योग असा की, ज्या वर्षी येथील राज्य संपले त्याच वर्षी येथल्या माणसाला सार्वत्रिक टपालाचे दार उघडले. त्यापूर्वीच्या काळात पत्रे नेणारी यंत्रणा होती, पण ती दरबारांची होती. पुण्याच्या दरबाराचे वकील नागपुरात राहून येथल्या हालचालींच्या बातम्या जासुदांकरवी, म्हणजे पायी पत्रे पोहोचवणाऱ्या नेमलेल्या माणसांकरवी, नाना फडणीसांना पाठवीत असत, आणि त्यांच्या पत्रांवरून भोसल्यांच्या नागपूरचे चित्र आज इतिहासकारांना उभे करता येते. सामान्य माणसाला मात्र असा जासूद परवडण्यासारखा नव्हता; त्याचे पत्र व्यापाऱ्याच्या किंवा यात्रेकरूच्या सोबतीवर अवलंबून असे. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले, १८५४ मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, आणि त्याच डलहौसीच्या कारकिर्दीत १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर देशभर लागू झाला. घर न सोडता नागपूरकर एका नव्या राज्यात आलेले होते, आणि ज्या सत्तेने त्यांचे सिंहासन हिरावून घेतले तिनेच त्यांच्या हाती ही स्वस्त आणि समान दराची सोय दिली. या दोन्ही गोष्टी एकाच हाताने घडल्या हे लक्षात ठेवल्याशिवाय वसाहतकालीन टपालाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

पुढे १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांतांची राजधानी झाले, १८६७ मध्ये मुंबईकडून रेल्वे आली, आणि सिव्हिल लाइन्समध्ये मुख्य टपाल कार्यालयाची, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या जीपीओची, भव्य इमारत १९२१ मध्ये पुरी झाली. परंतु टपालाच्या नकाशावर नागपूरचे खरे महत्त्व प्रकटले ते स्वातंत्र्यानंतर. १९४९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आपसांत अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत, ज्यामुळे मद्रासला संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत पोहोचणे शक्य झाले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून, हवाई टपालाचा वेगळा आकार न घेता देशातील पत्रे शक्य तेथे विमानाने नेण्याची योजनाही अमलात आली. नागपूरकर झोपलेले असताना चारी महानगरांची खबरबात त्यांच्या डोक्यावरून जात होती, आणि नेमक्या त्याच वर्षांत शहराच्या वेशीवर असे लोक वस्ती करीत होते ज्यांच्याजवळ घर नव्हते आणि पत्ताही नव्हता.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे नागपुरात प्रामुख्याने जरीपटका आणि खामला या भागांत स्थिरावली. निर्वासिताची टपालविषयक अडचण दुहेरी असते: त्याला पत्र लिहिणाऱ्यांना त्याचा नवा ठावठिकाणा ठाऊक नसतो आणि त्याने ज्यांना लिहायचे तेही जुन्या जागी राहिलेले नसतात. एकाच गल्लीत नांदलेले शेजारी उल्हासनगर, अजमेर, इंदूर, नागपूर असे पांगले असताना एकमेकांना शोधण्याचे साधन पोस्टकार्ड हेच होते, आणि असे कार्ड कोणा दुकानदाराच्या किंवा आधी आलेल्या नातलगाच्या मार्फत धाडले जाई. त्यात लिपीची भर पडे, कारण सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहिणारी ही पिढी देवनागरी वाचणाऱ्या पोस्टमनच्या प्रदेशात आली होती, त्यामुळे कार्डावरचा मजकूर एका लिपीत आणि पत्ता दुसऱ्या लिपीत अशी विभागणी अटळ ठरली. सिंधमधील पोस्टात ज्यांची बचत होती त्यांचा दावा दोन देशांनी आपापल्या नोंदींशी ताडून पाहायचा होता. ज्यांचे पासबुक मागेच राहिले त्यांना दावा सिद्ध करणे अवघड होते. आज जरीपटक्याला स्वतःचा पिनकोड आहे, ४४००१४. ज्या वस्तीला एके काळी कोणाच्या तरी मार्फत पत्र येई ती वस्ती स्वतःच एक पत्ता होऊन बसली आहे. सीमेपलीकडचा मार्ग मात्र राजकारणाच्या लहरीवरच राहिला, आणि मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानकडून येणारे टपाल व पार्सले यांची देवाणघेवाण थांबवली तेव्हा त्या मार्गावर जे काही उरले होते तेही खुंटले.

पिनकोडाची हकीकत मराठी माणसाला माहीत असावी अशी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतात नाटके आणि काव्ये लिहिणारे विद्वान केंद्रीय दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी होते आणि त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड देशात सुरू झाला. पहिला आकडा विभाग दाखवतो, पहिले दोन मिळून उपविभाग, तिसऱ्याने छाननीचा जिल्हा म्हणजे टपालाची वर्गवारी जिथे होते ते क्षेत्र ठरते, आणि शेवटचे तीन आकडे प्रत्यक्ष बटवडा करणाऱ्या कार्यालयाचे असतात. ४४ म्हटले की विदर्भ आणि ४४० म्हटले की नागपूर हे त्यामुळे कळते. महाराष्ट्रातच वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत हे पाहिले तर या आकड्यांची गरज वेगळी सांगावी लागत नाही, आणि अनेक लिप्यांत लिहिल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या देशात आकडा ही सर्वांना वाचता येणारी एकमेव गोष्ट होती. नवागताच्या दृष्टीने या योजनेचे मोल असे की, स्थानिक भाषेचे अक्षरही न येणारा माणूस सहा आकडे बिनचूक उतरवून घेऊ शकला, तर त्याचे पत्र निदान योग्य पोस्टापर्यंत येते. त्यापुढचा प्रवास आकड्यांच्या हाती नसतो.

तो प्रवास पोस्टमनच्या हाती असतो. सकाळी बटवड्याच्या कार्यालयात थैली फुटल्यावर पोस्टमन आपल्या हद्दीची पत्रे गल्लीच्या क्रमाने लावतो, आणि ज्या पाकिटावर प्लॉट क्रमांक नाही, ले-आउटचे नाव अर्धवट आहे किंवा नुसतेच 'मंदिराच्या मागे' असे लिहिले आहे ते हातात वेगळे धरून शेजारच्या टेबलावर विचारतो. नागपुरात ले-आउट आणि सोसायट्या इतक्या झाल्या आणि एकाच नावाची नगरे शहराच्या निरनिराळ्या टोकांना इतकी वसली, की कागदावरचा पत्ता आणि जमिनीवरचे घर यांचा मेळ घालण्याचे काम अखेर त्याच्या स्मरणशक्तीवर येऊन ठेपते. वरच्या मजल्यावर आसामकडची मुले राहायला आली आहेत, मागच्या खोलीत आफ्रिकेतून आलेला विद्यार्थी आहे, ही माहिती त्याला घरमालकाकडून किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडून मिळते आणि एकदा मिळाली की अपुऱ्या पत्त्याचे पत्रही पोहोचते. ज्याची अशी ओळख कोणी करून दिलेली नसते त्याच्या पत्रावर 'इसम सापडत नाही' असा शेरा पडतो आणि पूर्ण पत्त्याचे पत्रही परत फिरते.

या अडचणीवर टपालखात्याने पूर्वीपासून एक तोड ठेवलेली आहे. पत्रावर नावाखाली 'पोस्ट रेस्तांत' असे लिहून शहराच्या मुख्य पोस्टाचे नाव घातले, तर ते पत्र घरपोच न धाडता खिडकीवर राखून ठेवले जाते आणि ठरावीक मुदतीत ओळखीचा पुरावा दाखवून घेता येते. जगभर चाललेली ही प्रथा म्हणजे पत्ता नसलेल्या माणसाला पोस्टाने दिलेला स्वतःचाच पत्ता होय. वसतीला जागा मिळण्यापूर्वी हीच सोय नवागताला कोणाच्याही उपकाराविना वापरता येते, आणि म्हणूनच ती आज फारशी कोणाला ठाऊक नसावी ही खेदाची गोष्ट आहे.

विदर्भातील तिबेटी वसाहतीचे उदाहरण या दृष्टीने लक्षणीय आहे. १९५९ नंतर भारतात आश्रयाला आलेल्या तिबेटी लोकांपैकी काहींसाठी १९७२ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील, त्या काळच्या भंडारा जिल्ह्यातील, गोठणगाव येथे नोर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. डोंगराळ पठारावरून आलेले लोक झाडीपट्टीच्या धानाच्या मुलखात आले. त्यांची आपली लिपी, पोस्टातील फलकांवर मराठी आणि हिंदी, आणि दूरच्या वसाहतींमधील आप्तांना लिहायचे पत्ते इंग्रजीत, अशी चार भाषांची कसरत एका पाकिटामागे करावी लागली. शिवाय या समाजातील पुष्कळ लोक हिवाळ्यात नागपूरसारख्या शहरांत लोकरी कपडे विकायला जाऊन बसतात, त्यामुळे वर्षातले काही महिने त्यांचा पत्ता बाजारात असतो. त्यांच्या बाबतीत वसाहत हीच पत्त्याची हमीदार ठरली: नाव आणि वसाहत लिहिली की पुढचे वसाहत पाहून घेते. व्यक्तीला पत्ता समूहाकडून मिळतो, हे तत्त्व येथे उघड दिसते.

परदेशी गेलेल्या नागपूरकरांनी याच तत्त्वाची दुसरी बाजू अनुभवली. अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने स्थलांतराची जुनी वांशिक बंधने उठवल्यानंतर अभियंते, डॉक्टर आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने तिकडे गेले, आणि घडीचे निळसर हवाईपत्र, ज्यात कागद आणि पाकीट एकच असते, हे धंतोली-धरमपेठेतील घरांना त्यांच्याशी जोडणारे साधन बनले. पत्र तेच असले तरी तेथील टपालाची रीत वेगळी होती. अमेरिकेत घरापुढच्या पेटीची बारीक पताका उभी केली की पोस्टमन येणारे पत्र ठेवतो आणि जाणारे घेऊनही जातो, परंतु त्या पेटीत तिकीट न लावलेले काहीही टाकणे कायद्याने गुन्हा असल्यामुळे शेजारच्या मराठी घरी हळदीकुंकवाचे बोलावणे चिठ्ठीने टाकण्याची सोय राहत नाही. जर्मनीत पेटीवर आणि घंटेवर आडनाव नसेल तर पत्ता अचूक असूनही पत्र परत जाते, आणि पेटीवर स्वतःचे नाव नसलेल्या पोटभाडेकरूला मूळ भाडेकरूच्या नावाचा उल्लेख पत्त्यात करावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत घरपोच टपालाची पद्धतच रूढ नव्हती. पत्र टपालपेटीच्या क्रमांकावर येई, आणि तो क्रमांक बहुधा कंपनीचा असल्यामुळे कामगाराचा पत्ता नोकरीबरोबर मिळे आणि नोकरीबरोबरच जाई. नागपूरचा पोस्टमन शेजाऱ्याला विचारतो, जर्मनीचा पाटी वाचतो आणि अमिरातीतला घरापर्यंत येतच नसे. या तीन रीतींतून तीन समाजांनी माणूस ओळखण्याचे काम कोणावर सोपवले आहे ते समजते, आणि नवागताने कोणत्या देशात आधी काय करावे तेही समजते.

पत्रे विरळ झाली तरी पार्सले संपलेली नाहीत. परदेशी पार्सलावर आतील वस्तू, वजन आणि किंमत लिहिलेले सीमाशुल्काचे घोषणापत्र चिकटवावे लागते, आणि दिवाळीच्या आधी शंकरपाळी, चिवडा आणि करंज्या यांना इंग्रजीत काय म्हणावे आणि त्यांची किंमत किती लावावी, याचा खल पोस्टाच्या बाकावर चालतो. अमेरिकेने आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी रद्द केल्यामुळे भारतीय टपालखात्याने २५ ऑगस्ट २०२५ पासून तिकडचे बहुतेक टपाल थांबवले, थोड्याच दिवसांत उरलेल्या पत्रांचीही स्वीकृती बंद केली, आणि शुल्क येथेच आगाऊ भरण्याची व्यवस्था झाल्यावर १५ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजन अवघ्या आठवड्यावर आलेले असताना, सेवा पुन्हा सुरू केली. एका सरकारच्या आयातकराच्या निर्णयाची झळ नागपूरच्या स्वयंपाकघरातील डब्याला लागली, आणि जगाचा एकच टपालप्रदेश हे १८७४ चे आश्वासन किती सशर्त आहे ते त्यातून दिसून आले.

अलीकडच्या काळात पोस्टाचे नवागताशी असलेले नाते पालटत आहे. पूर्वी पत्ता ही पत्र मिळण्यापुरती बाब होती. आता बँकेचे खाते, मोबाइलचे सिमकार्ड, घराचा करार या सर्वांसाठी पत्त्याचा पुरावा मागितला जातो, आणि तो पुरावा ठरणारे कागद, आधारचे पत्र किंवा स्पीड पोस्टाने येणारे पारपत्र, पुन्हा त्याच पत्त्यावर टपालाने येतात. पत्ता नसेल तर कागद येत नाही आणि कागद नसेल तर पत्ता सिद्ध होत नाही, अशा चक्रात नवा भाडेकरू सापडतो. २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. रजिस्टर पत्र नावाच्या माणसालाच द्यायचे आणि स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर असेल त्याला द्यायचे हा जो फरक होता, तो आता जादा शुल्क देऊन मागून घ्यावा लागतो. एकाच घरात अनेक भाडेकरू राहत असतील तेव्हा या फरकाचे महत्त्व घरमालकापेक्षा भाडेकरूला अधिक कळते. मे २०२५ मध्ये टपालखात्याने आणलेली डिजिपिन ही पद्धत तर देशाची सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागणी करून प्रत्येकाला दहा अक्षरांचा आणि आकड्यांचा संकेत देते. घर शोधण्याचा प्रश्न तिने सुटू शकेल, परंतु त्या चौकोनात कोण राहतो हे ती सांगत नाही आणि सांगणे तिच्या कक्षेतही नाही.

टपालखाते पत्राला दारापर्यंत आणू शकते आणि दीडशेहून अधिक वर्षे ते काम त्याने बहुतांशी प्रामाणिकपणे केले आहे. दारापासून माणसापर्यंतचे अंतर मात्र त्या घरातील आणि त्या गल्लीतील लोकांनीच तोडायचे असते. ज्या शहरात सिंधी, बंगाली, छत्तीसगढी आणि तिबेटी लोकांची पत्रे अखेर पोहोचत राहिली त्या शहराला हे शिकवण्याची गरज नसावी, तरीही भाडेकरूचे नाव पाटीवर लावायला नको म्हणणारी आणि त्याचे पत्र आले असता 'इथे कोणी राहत नाही' असे सांगून मोकळी होणारी घरे या शहरात आजही आहेत. तेव्हा घरात बाहेरगावचा किंवा बाहेरदेशचा भाडेकरू ठेवणाऱ्या प्रत्येक घरमालकाला एवढीच विनंती करावीशी वाटते, की करारावर सही झाली त्याच दिवशी त्याचे नाव फाटकावरील पाटीवर लिहावे, प्लॉट क्रमांक आणि पिनकोड यांसह पूर्ण पत्ता त्याला एका कागदावर लिहून द्यावा आणि पोस्टमन आला की त्या दोघांची गाठ घालून द्यावी.